गाठीची तशखीस : प्लाझ्मा पेशींच्या ओळखीचा इतिहास

मागच्या वर्षी रमजान ईदनंतरच्या आठवड्यात माझ्या खालाजानचा मुलगा एक रिपोर्ट घेऊन घरी आला. खानदानात कुणाचाही इंग्रजी कागद असला की तो माझ्याकडे येतो. बीएड झालेल्या माणसाला डॉक्टरी इंग्रजीही कळत असणार, असा आमच्याकडे समज आहे. खालाजानचं नाक वर्षभर एका बाजूने बंद होतं, अधूनमधून रक्तही यायचं. सायनस म्हणून गोळ्या झाल्या, थेंब झाले, वाफ झाली. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून आत पाहिलं तर गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टच्या शेवटी जे लिहिलं होतं त्याचा अर्थ साधारण असा : गाठीत प्लाझ्मा पेशींची दाटी आहे, ही जुनाट सूज आहे की अर्बुद, हे एवढ्यावरून सांगता येत नाही, पुढची तपासणी करावी.

भाऊ वैतागला होता. "भाईजान, तुकडा काढला, तपासला, पैसे भरले, आणि आता म्हणतात सांगता येत नाही. मग तपासलं काय?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेलो. त्यातून कळलं की भावाने विचारलेला प्रश्न जगभरच्या पॅथॉलॉजिस्टना पाऊणशे वर्षं छळत होता. डोळ्यांना दिसणारी पेशी नेमकी कोण, हे ओळखायचं कसं? त्याचीच ही हकिकत.

उर्दूत निदानाला 'तशखीस' म्हणतात. 'शख्स' ज्या अरबी धातूतून आला त्यातूनच हाही शब्द आला. व्यक्ती निश्चित करणं, गर्दीतून एकाला वेगळं ओळखणं, असा त्याचा अर्थ. संस्कृतातून आलेल्या 'निदान'चा मूळ अर्थ मात्र 'कारण'. वर्गात दोन्ही शब्द मी समानार्थी म्हणून शिकवत आलो. या गाठीच्या बाबतीत 'तशखीस' जास्त चपखल बसतो, कारण इथे कारण आजही फारसं हाती लागत नाही. जे करायचं असतं ते ओळख पटवण्याचं काम.

आधी पेशीबद्दल. प्लाझ्मा पेशी ही पांढऱ्या पेशींच्या कुळातली. तिचं कायमचं बिऱ्हाड हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. शरीरात कुठे जुनाट जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ती तिथेही गोळा होते. कामच तिचं ते आहे, अँटिबॉडी तयार करणं. अडचण अशी की हीच पेशी कधी बेबंद वाढू लागते. बहुतेक वेळा ही वाढ अस्थिमज्जेत होते आणि एकाच वेळी अनेक हाडं पोखरते. त्या आजाराला मल्टिपल मायलोमा म्हणतात. फार थोड्या लोकांत मात्र ती हाड सोडून मऊ मांसल भागात, नाकात, घशात, सायनसच्या पोकळीत, कधी पोटात किंवा त्वचेखाली एकच गाठ करून बसते. हा अस्थिमज्जेबाहेरचा प्लाझ्मासायटोमा. प्लाझ्मा पेशींच्या सगळ्या अर्बुदांत त्याचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. म्हणजे खालाजानच्या नाकातल्या गाठीला तीन वाटा होत्या. सूज असेल तर औषधं. एकटी गाठ असेल तर रेडिएशन, आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात, आणि बरं होण्याची चांगली आशा. मायलोमाचा भाग असेल तर जन्मभराचा उपचार. तिन्ही वाटांवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी मात्र तीच.

या पेशीला नाव मिळालं तेच गोंधळातून. १८७५ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 'प्लाझ्मा पेशी' हा शब्द वापरला, पण त्यांच्यासमोर होत्या दुसऱ्याच पेशी. स्पेनचे रामोन इ काखाल यांनी १८९० साली उपदंशाच्या गाठींत आपली खरी प्लाझ्मा पेशी पाहिली. पुढच्याच वर्षी हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी त्वचेच्या क्षयात ती पाहिली आणि वाल्डायरचं नाव तिला देऊन टाकलं. १८९५ साली मार्शाल्को यांनी तिचं नीट वर्णन केलं : केंद्रक एका बाजूला सरकलेलं, त्यातलं द्रव्य गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखं मांडलेलं आणि केंद्रकाशेजारी एक फिकट जागा. आजही पॅथॉलॉजिस्ट तिला याच खुणांवर ओळखतात. उपदंश काय किंवा क्षय काय, दोन्ही जुनाट आजार आहेत. ही पेशी आधी सुजेची सोबतीण म्हणूनच ओळखली गेली, हे लक्षात असू द्यावं.

याच काळात एडिंबरात एक गमतीदार प्रकार घडला. तिथल्या रॉयल इन्फर्मरीचे पॅथॉलॉजिस्ट विल्यम रसेल यांना कर्करोगाच्या गाठी फुक्सिन या रंगाने रंगवताना पेशींमध्ये गुळगुळीत, लालभडक गोळ्या दिसल्या. तो जंतूंचा जमाना होता. कॉखने क्षयाचा जंतू शोधून आठ वर्षं झाली होती, आणि प्रत्येक आजारामागे एक जंतू सापडेल अशी हवा होती. रसेल यांनी १८९० साली जाहीर केलं की कर्करोगाचा जंतू सापडला. पुढे त्याच गोळ्या साध्या सुजेतही दिसू लागल्या आणि दावा बारगळला. त्या गोळ्या म्हणजे प्लाझ्मा पेशीच्या आत साठून राहिलेलं तिचंच प्रथिन होतं. 'रसेल बॉडीज' हे नाव मात्र टिकलं. मला या माणसाबद्दल हसू येत नाही. त्याने पाहिलं ते बरोबर होतं, ओळखलं ते चुकलं. नुसत्या पाहण्यावर विसंबलं की असं होतं, आणि पुढची ऐंशी वर्षं पुष्कळांचं झालं.

१९०० साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवून दिलं की मायलोमाच्या गाठी प्लाझ्मा पेशींच्याच असतात. पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, जर्मन पॅथॉलॉजिस्ट हेर्मान श्रिडे यांनी हाडाशी संबंध नसलेल्या, मऊ भागातल्या अशा गाठीचं वर्णन केलं. आज ज्या गाठीला अस्थिमज्जेबाहेरचा प्लाझ्मासायटोमा म्हणतात तिच्या नोंदी तिथून सुरू होतात.

त्यानंतर जगाच्या कानाकोपऱ्यातून एकेक, दोन-दोन रुग्णांची वर्णनं छापून येत राहिली. १९४३ साली हेलविग यांनी तोवरच्या नोंदी एकत्र करून मोठा आढावा घेतला. पण त्या जुन्या नोंदींपैकी किती खऱ्या अर्बुदाच्या आणि किती सुजेच्या, हे आज छातीठोकपणे कोण सांगणार? नाकाचंच पाहा. नाकात रायनोस्क्लेरोमा नावाचा एक जुनाट जंतुसंसर्ग होतो. त्यातही प्लाझ्मा पेशी खच्चून भरलेल्या असतात, त्यातही रसेल बॉडीज दिसतात, आणि तो भारतातही आढळतो. उलट बाजूने, गाठीतल्या पेशी ओबडधोबड, बिघडलेल्या दिसल्या तर ती साध्या कर्करोगाची वाटू शकते. साध्यासुध्या दिसल्या तर सुजेची. दिसण्यावरून इनसाफ करायचा म्हटलं तर साक्षीदार दोन्ही बाजूंनी उभे.

कोंडी फुटली ती वेगळ्याच दिशेने, आणि त्यासाठी आपल्याला थोडं मागे, १८४५ च्या लंडनमध्ये जावं लागेल. थॉमस मॅकबीन नावाचा पंचेचाळिशीचा किराणा व्यापारी हाडांच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. वर्षभरापूर्वी सुट्टीत गावाकडे गेला असताना एका भुयारातून उडी मारून वर येताना छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, तिथून सुरुवात. त्याचे डॉक्टर विल्यम मॅकिन्टायर यांनी लघवी तापवून पाहिली आणि चक्रावले. लघवीतलं प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखं तापवल्यावर गोठावं, हे ठाऊक होतं. हे प्रथिन मात्र कोमट झाल्यावर गोठायचं, उकळल्यावर विरघळायचं आणि थंड होताना पुन्हा गोठायचं. रसायनात हात असलेले तरुण डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे नळी गेली. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख १ नोव्हेंबर १८४५. पदार्थाचं वर्णन करून शेवटी एवढंच विचारलं होतं की हे आहे काय. मॅकबीन १८४६ च्या पहिल्याच दिवशी वारला. त्या पदार्थाला 'बेन्स जोन्स प्रथिन' म्हणू लागले. मॅकिन्टायर यांचं नाव मागे पडलं. नळी ज्याने तापवली त्याच्यापेक्षा ज्याने मोठा निबंध लिहिला त्याचं नाव चाललं, असं इतिहासात नेहमी होतं.

चिठ्ठीतल्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळायला ११७ वर्षं लागली. मधल्या पायऱ्या भरभर सांगतो. १९३९ साली विजेच्या साहाय्याने रक्तातली प्रथिनं वेगळी करताना लाँग्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मायलोमाच्या रुग्णांत आलेखावर एक टोकदार सुळका दिसला. १९४८ साली स्टॉकहोमच्या अॅस्ट्रिड फाग्रेयस यांनी दाखवलं की अँटिबॉडी प्लाझ्मा पेशी बनवतात. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं लोक ही पेशी पाहत होते, पण ती काय करते हे ठाऊक नव्हतं. १९५६ मध्ये न्यूयॉर्कचे कॉर्नगोल्ड आणि त्यांच्या सहकारी रोझ लिपारी यांनी बेन्स जोन्स प्रथिनाचे दोन वेगळे प्रकार असल्याचं सिद्ध केलं. त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावं मिळाली, कॅपा आणि लॅम्डा. आणि १९६२ साली एडलमन व गॅली यांनी सांगितलं की मॅकबीनच्या लघवीत होतं तसलं प्रथिन म्हणजे अँटिबॉडीची हलकी साखळी असते.

कॅपा आणि लॅम्डाचं महत्त्व कशात? एक प्लाझ्मा पेशी या दोहोंपैकी एकच साखळी बनवते, कॅपा किंवा लॅम्डा. तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशीही तीच बनवतात. आता वलिम्याची दावत डोळ्यांसमोर आणा. मोहल्ल्यातली दावत असली की शंभर घरची माणसं येतात, नाना आडनावं असतात. जुनाट सूज ही तशी दावत आहे. तिथे कॅपावाल्याही असतात, लॅम्डावाल्याही. साधारण दोनास एक या प्रमाणात. पण सगळी पंगत एकाच आडनावाची निघाली तर ते दावतीला आलेले लोक नव्हेत, एकाच घराण्याने जागा बळकावली आहे. स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९६१ च्या सुमारास रक्तातल्या प्रथिनांच्या बाबतीत हाच फरक ठामपणे मांडला. प्रथिन अनेक घराण्यांचं असेल तर ती शरीराची प्रतिक्रिया, एकाच घराण्याचं असेल तर बेबंद वाढीचा संशय. पेशी कशी दिसते हा प्रश्न तिथे मागे पडला आणि ती कुणाची लेक आहे हा प्रश्न पुढे आला.

रक्तातला सुळका पाहणं सोपं होतं. पण मऊ भागातल्या एकट्या गाठीत पुष्कळदा रक्तात काहीच सापडत नाही. गाठ लहान, तिचं प्रथिन थोडं. मग घराणं पाहायचं तर गाठीच्या तुकड्यातच पाहायला हवं. तुकडा मात्र फॉर्मालिनमध्ये बुडवलेला, मेणात घातलेला, आणि त्या प्रक्रियेत प्रथिनांची ओळख पुसली जाते असं मानलं जायचं. १९७४ साली ऑक्सफर्डच्या टेलर आणि बर्न्स यांनी हा समज मोडला. रंग आणणारं एन्झाइम जोडलेल्या अँटिबॉडी वापरून त्यांनी नेहमीच्या मेणातल्या तुकड्यांत प्लाझ्मा पेशी आणि त्यांच्यातली प्रथिनं रंगवून दाखवली. कॅपा असेल तिथे तपकिरी. नसेल तिथे नाही.

या एका शोधाचं मोल गरीब रुग्णाला विचारावं. मेणाचा तो ठोकळा, ज्याला लॅबमध्ये 'ब्लॉक' म्हणतात, जपून ठेवलेला असतो. त्यातून पुन्हा पातळ काप काढता येतात. म्हणजे पुढची तपासणी करायला बहुतेक वेळा नवीन तुकडा काढावा लागत नाही, पुन्हा भूल नाही, पुन्हा रक्तस्राव नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागून घेऊन दुसऱ्या लॅबला नेता येतात. हे मला ठाऊक नव्हतं, भावाला ठाऊक नव्हतं, आणि जिथे तुकडा तपासला तिथे कुणी आपणहून सांगितलंही नाही. पुन्हा ऑपरेशन होणार या भीतीनेच खालाजान तीन आठवडे रिपोर्ट उशाखाली ठेवून बसली होती.

आता या हकिकतीतला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग. टेलर यांच्या पद्धतीला अँटिबॉडी लागतात. त्या अचूक आणि एकसारख्या हव्यात. अमेरिकेत मायकेल पॉटर हे संशोधक एका जातीच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचून प्लाझ्मा पेशींच्या गाठी तयार करत असत. १९६२ साली त्यांनी बॉइस यांच्यासह ही पद्धत प्रसिद्ध केली होती. या गाठी उंदरांच्या हाडांत नव्हे, पोटातल्या मऊ भागात व्हायच्या. अशाच एका गाठीतून आलेल्या, प्रयोगशाळेत न मरता वाढत राहणाऱ्या पेशी केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये अँटिबॉडी बनवणाऱ्या निरोगी पेशींशी जोडल्या. जोडून झालेली पेशी हवी ती एकच अँटिबॉडी बनवत राहिली. १९८४ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. आज जगभरच्या लॅबमध्ये गाठी ओळखायला वापरल्या जाणाऱ्या असंख्य अँटिबॉडींचं मूळ तिथे आहे. उंदराच्या पोटातल्या प्लाझ्मा पेशींच्या गाठीने माणसाच्या नाकातली गाठ ओळखायचं साधन दिलं.

तरी सगळं सोपं झालं असं नाही. प्लाझ्मा पेशी ओळखायला सीडी १३८ नावाची खूण वापरतात. पण ती खूण त्वचेच्या आणि इतर आवरणांच्या पेशींवर, त्यांच्या कर्करोगांवरही असते. एवढ्या एका रंगावर निकाल दिला तर फसगत. १९९७ साली प्लाझ्माब्लास्टिक लिंफोमा हा वेगळा, फार आक्रमक आजार वर्णिला गेला. तो एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या तोंडात जास्त दिसला आणि त्याच्या पेशींवर जवळपास त्याच खुणा. शिवाय पूर्वी प्लाझ्मासायटोमा म्हणून नोंदलेल्या काही गाठी प्रत्यक्षात एका संथ लिंफोमाच्या होत्या, हेही पुढे कळलं. म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट पाच-सहा अँटिबॉडी एकत्र लावतो. 'सांगता येत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट भावाला कामचुकार वाटला होता. मला आता तो त्या साखळीतला सर्वांत भरवशाचा माणूस वाटतो. रुग्ण त्याचं तोंडही पाहत नाही. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरिअल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा उभ्या करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आपल्या मराठी माणसांपैकी किती जणांना माहीत आहेत?

घराणं एक आहे हे ठरलं की दुसरा प्रश्न येतो. ही गाठ एकटी आहे का? याचं उत्तर गाठीत नसतं, बाकीच्या शरीरात शोधावं लागतं. श्रिडे यांच्या काळात जिवंत माणसाची अस्थिमज्जा सहजी पाहण्याची सोय नव्हती. १९२७ साली लेनिनग्राडचे अरिंकिन यांनी छातीच्या हाडात सुई घालून मज्जा काढण्याची रीत आणली. आता ती कमरेच्या हाडातून काढतात. त्यात एकाच घराण्याच्या पेशी नसाव्यात, एमआरआय किंवा पेट स्कॅनमध्ये दुसरी गाठ नसावी, आणि मायलोमाने होणारी चार नुकसानं नसावीत : रक्तातलं कॅल्शियम वाढणं, मूत्रपिंड बिघडणं, रक्त कमी होणं, हाडं पोखरणं. या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'क्रॅब' शब्द होतो, म्हणजे खेकडा. अरबी-उर्दूत कर्करोगाला 'सरतान' म्हणतात, तोही खेकडाच, आणि आपला 'कर्क'ही तोच. चार भाषांत एकच प्राणी. मज्जेत तशा पेशी दहा टक्क्यांच्या आत सापडल्या तर त्या रुग्णांचा वेगळा गट करतात, कारण त्यांच्यात पुढे मायलोमा होण्याचा धोका अधिक.

१९९९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९०५ पासूनच्या चारशेहून अधिक निबंधांतल्या नोंदी एकत्र केल्या. नाक-घशाच्या भागातले ७१४ आणि शरीरात इतरत्र १५५ रुग्ण निघाले. उपचारांनंतर सुमारे ६१ टक्क्यांत गाठ परतली नाही आणि मायलोमाही झाला नाही. सुमारे १६ टक्क्यांत मात्र पुढे मायलोमा झाला.

खालाजानचा ब्लॉक भावाने एसटीने मुंबईला नेला, रुमालात गुंडाळून, खिशात. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : सगळ्या पेशी कॅपा, लॅम्डा जवळजवळ नाही. म्हणजे अर्बुद. घरात रडारड झाली. मग कमरेतून मज्जा काढली, स्कॅन झालं. मज्जा साफ, दुसरी गाठ कुठेही नाही. 'अर्बुद आहे' या बातमीवर रडलेलं घर 'एकटंच आहे' या बातमीवर शुकराना अदा करायला बसलं. पाच आठवडे शेक झाला. तोंड कोरडं पडलं, चव गेली, शीरखुर्मासुद्धा मातीसारखा लागतो म्हणायची. चव आता बरीच परतली आहे.

परवा भावाने विचारलं, "म्हणजे अम्मी बरी झाली ना?" मी त्याला ते १६ टक्के सांगितले. दर काही महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची आहे. पुढची तारीख बकरी ईदच्या आधी येते. लघवीत शोधतात ते मॅकबीनचंच प्रथिन, फक्त आता ती नळीत तापवून बघत नाहीत.